चाकांचं बुटकं स्टूल

आमच्या दवाखान्यात तपासणीच्या प्रत्येक खोलीत एक स्टूल असतं. काळ्या रेक्झिनचं, बुटकं, खाली चाकं. पेशंट बसतो उंच टेबलावर, कागद अंथरलेल्या. तपासणारी बसते या स्टुलावर, त्यामुळे पेशंटशी बोलताना तिला मान वर करावी लागते. मी इथे मेडिकल असिस्टंट आहे आणि त्या स्टुलावर आजवर बसलेली नाही. बंदी नाही, पण माझं कामच उभ्यानं होणारं आहे. वजन घ्यायचं, दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर बघायचं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कॉम्प्युटरवर टाकायचं, "येतीलच हं आता" म्हणायचं आणि बाहेर येऊन दार लावायचं. ते दार लावणं मला अजून जमलेलं नाही. म्हणजे हात दार लावतो, मन आत राहतं.

माझ्यानंतर आत जाते ती पीए. फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या जोडीनं काम करते, पण स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहून देते. मला ते व्हायचंय. नागपूरला आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पीए? कोणाची? आमदाराची की मंत्र्याची?" मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेऊन म्हणाली, "मग सरळ डॉक्टरच काहून नाही होत?" हाच प्रश्न पुढे मला इंग्रजीतूनही विचारला गेला. आत्याचा बरा होता, त्यात माया होती.

नागपूरला मी फिजिओथेरपी शिकले. अर्धा वेळ कॉलेजात आणि अर्धा वेळ कॉलेजच्या विरोधात. मुलींच्या हॉस्टेलला उन्हाळ्यात पाणी नसायचं, इंटर्नना विद्यावेतन मिळायचं नाही, आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. पत्रक कसं लिहायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. आधी अन्याय, मग अन्याय करणारा, मग मागणी, तळाला जागा आणि वेळ. दुःख सांगत बसायचं नाही, ते वाचणाऱ्याला माहीत असतं.

मग लग्न झालं आणि अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आले. नवरा पुण्याचा, इथल्या डेटा सेंटरमध्ये कामाला. इथल्या पीएच्या शाळांनी माझी डिग्री बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि शरीररचना पुन्हा शिकून या म्हणाल्या. रसायनशास्त्र पुन्हा. सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा. व्हर्जिनियात माणसाच्या मनगटात वेगळी हाडं असतात का? मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं आणि शाळेतून नुकत्याच सुटलेल्या पोरांशेजारी बसून तीच हाडं पुन्हा पाठ केली. मला राग येतो. यावा अशीच गोष्ट आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीला पुऱ्या लाटायला बसतात त्यात एक दातांची डॉक्टर आहे, एक बालरोगतज्ज्ञ आहे. दोघींच्या पुऱ्या टम्म फुगतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. कौतुक कसलं करता? लाज वाटायला पाहिजे, आणि ती त्या दोघींना नव्हे.

पीएच्या शाळेला अर्ज करायचा म्हणजे अभ्यासक्रम लागतात, पेशंटजवळ काम केल्याचे तास लागतात, शिफारशीची पत्रं लागतात. आणि एक निबंध लागतो, तुम्हाला हे का व्हायचंय त्याचा. मी एका बैठकीत लिहिला आणि नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं चहा संपेपर्यंत वाचला.

"कॉम्रेड, चांगलं झालंय. फक्त एक विचारू?"

"विचार."

"मोर्चा कुठून निघणार आहे?"

"फालतूपणा नको करू. काय चुकलं ते सांग."

"अगं, यात विमा कंपन्या आहेत, डिग्री न मानणारे आहेत, दुभाषी न देणारे दवाखाने आहेत. तू कुठेय?"

"मी लिहितेय ना."

"तेच म्हणतोय. तुला काय हवंय ते सोडून सगळं आहे."

मला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. ते स्टूल हवं होतं. पण असं कुणी लिहितं का? दाराबाहेर उभं राहिलं की आतलं बोलणं कळत नाही, पण चाकांचा आवाज येतो. घर्रकन एक छोटा आवाज. म्हणजे आमची पीए पेशंटजवळ सरकली. म्हणजे आता खरं बोलणं सुरू झालं. त्या आवाजाशी मी रोज थबकते, पुढच्या पेशंटचं वजन घ्यायचं असतं तरी. हे कुठल्या रकान्यात बसवायचं? मी निषेधच पाठवला. त्या वर्षी सगळीकडून नकार आले. सगळ्यांनी आधी आभार मानले होते.

त्याच हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकू दवाखान्यात आल्या. मुलाकडे राहतात, मूळच्या सांगलीच्या. काकूंचं हे मी इथे लिहितेय, कारण त्यांनी स्वतःच मंडळात सगळ्यांना सांगून झालंय आणि मला म्हणाल्या, "लिही की, माझं नाव तेवढं नको घालू." तर काकूंना अधूनमधून चक्कर यायची. एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या. मुलगा बरोबर होता आणि त्यांच्या वतीनं तोच इंग्रजीतून उत्तरं देत होता. गोळ्या नियमित घेते? हो. रोज? हो, रोज. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ऑफिसची मीटिंग, तो बाहेर गेला. मी काकूंच्या दंडाला पट्टा बांधत होते. आकडा बराच वर गेला.

"काकू, आज सकाळची गोळी घेतली ना?"

"आज कशी घेईन? संकष्टी आहे."

"म्हणजे?"

"अगं, चंद्र दिसल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. गोळी काय नि घास काय. रात्री घेते की, सकाळची नि रात्रीची एकदम. चुकवत नाही हो मी. त्याला नको सांगू, उगाच ओरडेल."

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार झालं. काकू, गोळी म्हणजे जेवण नव्हे! दोन्ही एकदम घेतल्या म्हणूनच पहाटे उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते! पण ते सांगणं माझ्या कामात बसत नाही. मी ऐकायचं, कॉम्प्युटरवर टाकायचं आणि बाहेर जायचं. उपवासाच्या दिवशी गोळ्या लांबवतात आणि रात्री एकत्र घेतात, असं मी टाकलं, पीएला तोंडी सांगितलं, ती आत गेली आणि मी दार लावलं. चाकं वाजली. बाहेर काकूंचा मुलगा भिंतीशी तोंड करून मीटिंगमध्ये बोलत होता.

मग दार उघडलं आणि पीएनं मला आत बोलावलं. मी दवाखान्याची भाषेची परीक्षा दिलेली आहे, त्यामुळे मला दुभाषी म्हणून उभं राहता येतं. त्याचेही नियम आहेत. समोरचा बोलेल तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी काकूंच्या बाजूला उभी राहिले. पीए स्टुलावर, खाली. वर बघत ती म्हणाली, या उपवासाबद्दल मला काही माहीत नाही, तुम्ही सांगाल का?

मी ते मराठीत सांगितलं. काकू खुलल्याच. सासूनं लावून दिलेला उपवास, पुढे मुलगा आजारी होता तेव्हा त्याच्यासाठी नेमानं धरला, चंद्राला ओवाळतात कसं, नैवेद्याला काय असतं. पीएनं मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग विचारलं, त्या दिवशी पाणी चालतं का?

"पाणी तर चालतंच," काकू म्हणाल्या. "चहाही चालतो. दोनदा होतो."

मग सकाळी पाण्याबरोबर ती एक गोळी घेता येईल का? की त्यानं उपवास मोडतो? तुम्हाला काय वाटतं?

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणू शकत नव्हते. मी भिंत होते. काकूंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "असं करते, बाप्पाला विचारते आणि कळवते."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पीए हसली नाही. म्हणाली, जरूर विचारा, आणि उद्या मला फोन करा. फक्त दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, एवढं आजपासून पाळाल का? काकू म्हणाल्या पाळीन.

मग पीएनं माझे आभार मानले, मी बाहेर आले आणि दार लावलं. माझं पत्रक ऐकून काकूंनी मान डोलावली असती, "हो हो" म्हणाल्या असत्या, आणि पुढच्या संकष्टीला तेच केलं असतं. मला ते कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या समजलं. आतून चाकं पुन्हा वाजली. इतकी तहान मला नागपूरच्या मे महिन्यातही लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. पीएसाठी निरोप माझ्याकडेच दिला. "सांग तिला, विचारलं. पाण्याबरोबर चालेल म्हणाला."

दुसऱ्या वर्षी निबंधात मी फक्त ती सकाळ लिहिली, काकू ओळखू येणार नाहीत अशी. एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं. नवऱ्यानं गाडी चालवली आणि वाटभर एकच सूचना दिली, "भांडू नकोस." टेबलापलीकडे तिघं होती. त्यातल्या एकानं सगळं ऐकून घेऊन विचारलं, यात तुमचा वाटा काय होता?

भांडायचं नव्हतं. पण खोटंही बोलायचं नव्हतं.

"मी एकीचे शब्द दुसरीला दिले," मी म्हणाले, "आणि बाहेर येऊन दार लावलं. आता मला ते दार आतून लावायचंय."

एकीनं काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल याचा मी रोज भांडी घासताना विचार करते.

ना होकार आला, ना नकार. प्रतीक्षायादी. कुणी जागा सोडली तर वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतही फोन येऊ शकतो. नाही आला तर पुन्हा नवा अर्ज, नवी पत्रं. हा काय प्रकार आहे? माणसाला दारात उभं करून ठेवायचं, आणि आत घेणार की नाही तेही सांगायचं नाही! यावर मोर्चा कुणावर न्यायचा तेही मला कळत नाही.

परवा संकष्टी होती. संध्याकाळी काकू मागच्या डेकवर शाल गुंडाळून उभ्या होत्या, तबकात निरांजन. आभाळ भरलेलं. मी कुंपणाशी गेले.

"गोळी?"

"सकाळीच झाली. तू नको मला तपासू, तुला अजून घेतलं नाही त्यांनी." मग जरा थांबून, "आलं का गं काही?"

"नाही."

"फोन हातात धरून फिरतेस म्हणून विचारलं."

"चंद्र नाही दिसला तर काय करता, काकू?"

"उगवायची वेळ झाली की त्या बाजूला तोंड करून ओवाळायचं आणि जेवायला बसायचं. पोरानं इथली वेळ काढून दिलीय. आधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरची धरायचे, ती निघाली मुंबईची. किती वर्षं चंद्राच्या आधीच जेवले, देव जाणे."

आम्ही दोघीही हसलो. वेळ झाली तशी त्यांनी ढगांनाच ओवाळलं आणि मला एक मोदक दिला. त्यांच्या चंद्राची वेळ तरी ठरलेली असते. मी फोन बघितला. मग खिशात ठेवला, मग पुन्हा काढला.

आज सकाळी दवाखान्यात पहिला पेशंट गेल्यावर खोली पुसायला गेले. टेबलावरचा कागद बदलला, पट्टा जागेवर टांगला. स्टूल कोपऱ्यात गेलं होतं. ते मी रोज पुसते तसं नीट पुसलं, बैठक, कडा, चाकांजवळची दांडी. खोलीत कुणी नव्हतं. बसले नाही. हातानं ढकलून ते टेबलाजवळ नेलं, पीए जिथून बोलते तिथे. चाकं वाजली. मग मी पुढच्या पेशंटला बोलवायला गेले.