येताना टॉवेल आणावा

चहा घ्या, सांगतो सगळं. पण एक अट आहे. आमच्या घरी कधी आलात तर टॉवेल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हातपाय धुतलेत तर तसेच ओले बसा, पण मागू नका. का, ते ऐकाच आता. एवढा मोठा घोळ घालायला माणूस शिकलेला लागतो, आणि दुर्दैवाने मी शिकलेला आहे.

मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. तिथल्या नोटिसा मीच काढतो. माझी नोटीस वाचून आजवर कुणी शंका विचारायला आलं नाही. ती कुणी वाचतच नाही, हे मला बायकोने नंतर समजावलं. तोवर मी ते माझं कसब समजत होतो.

झालं असं, की माझ्या सुरतच्या मेहुण्याने मुलीचा वाढदिवस एका रिसॉर्टमध्ये केला. पूल पार्टी. म्हणजे मुलांनी पाण्यात डुंबायचं आणि आईबापांनी कडेला उभं राहून फोटो काढायचे. फुग्यांची कमान, रबरी बदकं, निळंशार पाणी, आणि त्या पाण्यात पोट आत ओढून उभा मेहुणा. ते फोटो पाहून आमच्या तन्मयने सकाळ-संध्याकाळ एकच धोशा लावला, "पप्पा, आपली पूल पार्टी कधी?"

मी म्हणालो, त्यात काय एवढं? लोणखेड्याच्या पुढे आपला मळा आहे. मळ्यात हौद आहे. हौदात बोअरचं पाणी पडतं. वाढदिवस तिथेच करू, आणि सगळं मी एकटा बघेन.

बायकोने, ज्योतीने, हातातला कप खाली ठेवला. "तुम्हना कडथून एक काम धड व्हत नही. हाई जर बिघडनं, त मव्हरला वाढदिवस सुरतले, मन्हा भाऊकडे. मंग बोलानं नही."

म्हणजे बघा, पोराच्या वाढदिवसाबरोबर माझी अब्रूही त्या हौदात उतरली. पुढच्या वर्षी मेहुण्याच्या रिसॉर्टमध्ये कडेला उभं राहून मेहुण्याचा केक खायचा, यापेक्षा मी बिनपगारी रजा घेतली असती.

तन्मयला काही कळू द्यायचं नव्हतं. त्याच्या मित्रांच्या आयांना ज्योतीने तोंडी सांगितलं. कोरीट हे आमचं मूळ गाव. तिथल्या चुलत भावांना मुलाबाळांसकट बोलवायचं काम माझ्याकडे आलं. भाऊबंदांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर रोज सुविचार आणि केळीचे भाव येतात. अडचण एवढीच, की माझा फोन माझ्यापेक्षा तन्मयच्या हातात जास्त असतो. म्हणून मी वाढदिवस हा शब्द गाळला. मुलं गाळली. केक गाळला. उरलं ते असं:

"सर्वांस कळविण्यात येते की, रविवारी सकाळी दहा वाजता लोणखेड्याच्या मळ्यात हौदावर आंघोळीचा कार्यक्रम ठेवला आहे. येताना टॉवेल आणावा. जेवण तिथेच होईल. कृपया फोन करू नये."

फोन करू नये, कारण फोन तन्मय उचलतो. किती बारकाईने विचार केला होता मी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी विसरलो होतो आणि कोरीट विसरलं नव्हतं. माझ्या वडिलांचं, आबांचं, मध्यंतरी सुरतला हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. आबा घरी येऊन पुन्हा भाकरी चुरून खायला लागले होते, पण कोरीटच्या हिशेबात ते अजून दवाखान्यातच होते. आणि आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला पाण्याच्या जागी जमायचं, आंघोळी करायच्या, ज्याचा बाप गेला त्याला टॉवेल-टोपी द्यायची आणि जेवून परतायचं. वाचा आता माझी नोटीस पुन्हा.

दहाव्याआधी काही कळवलं कसं नाही, हा प्रश्नही कुणाला पडला नाही. सुरतलाच उरकलं असेल, ऑफिसातल्या माणसाला सवड कुठली, असं सगळ्यांनी माझ्याबद्दल ठरवून टाकलं. त्यात कुणाला नवलही वाटलं नाही, हे मला आजही लागतं.

ग्रुपवर लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ज्योतीला दाखवलं, म्हटलं, बघ आमच्याकडचे संस्कार. चुलत भाऊ संजूने लिहिलं, "धीर धर भो. आम्हू बठ्ठा तुन्हा मांगे शेतस." मला भरून आलं. मुलांची पार्टी करणाऱ्या बापाला किती धीर लागतो, हे ओळखणारा एक तरी निघाला. मी उलट लिहिलं, "आता व्हायचं ते होईल. तू फक्त ये." त्यानंतर ग्रुपवर ना सुविचार आला, ना केळीचे भाव.

रविवार उजाडला. केळीच्या बागेला फुगे बांधले, हौद भरला, स्पीकरवर दणदणीत गाणी लावली. मी फुलाफुलांची अर्धी चड्डी घातलेली, डोक्यावर हॅट, गळ्यात शिट्टी. तन्मय आणि त्याचे मित्र पाण्यात. आबा नुसते बघायला म्हणून आले होते. पोरांनी ओढलं तसे तेही बनियनवर आत उतरले आणि रबरी बदकात अडकून बसले.

तेवढ्यात फाटकाशी दोन क्रूझर गाड्या थांबल्या. चुलत भाऊ आणि त्यांच्यामागे सगळे काका खाली उतरले. पांढऱ्या टोप्या, काखेत कोरे टॉवेल. एकाही घरचं मूल बरोबर नाही. मागून फुई उतरली. फुई म्हणजे आबांची धाकटी बहीण. माझ्या बहिणीच्या लग्नात मानाची साडी हलकी दिली म्हणून तिने आमचा उंबरा सोडला होता. तीही आली, हे पाहून मी शिट्टीच वाजवली.

संजूने मला घट्ट मिठी मारली. मग मागे सरून त्याने माझ्या चड्डीकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"भो, तुन्ही मूछ आखो तशीच शे?"

"पोहायला मिशी काढावी लागते का?" मी विचारलं.

त्याच्या मागे एका माणसाने चादर पसरली, पिशवीतून वाटी काढली आणि साबणाचा फेस करायला घेतला. तो कोरीटचा सलूनवाला होता. मला वाटलं, संजूने पोरांसाठी जादूगार आणला. मी पुन्हा शिट्टी मारली, "चला रे मुलांनो, काका गंमत दाखवतायत." तन्मयचा एक मित्र पळत येऊन चादरीवर बसलासुद्धा.

"पयले याले काय?" सलूनवाल्याने वस्तरा उघडत विचारलं.

तेव्हा फुईने पदर तोंडावरून काढला. "मन्हा भाऊ गया, आन तू गाना वाजाडस?"

ज्योतीने धावत जाऊन स्पीकर बंद केला. त्या शांततेत हौदातून आबांचा आवाज आला.

"कोण गया वं?"

फुईने वळून पाहिलं. आधी बदक पाहिलं, मग आबांना पाहिलं.

"तू," ती म्हणाली.

"मी त आठेच शे."

फुईने पदर कमरेला खोचला. मग मला द्यायला आणलेल्या कोऱ्या टॉवेलनेच तिने मला हौदाभोवती हाणायला सुरुवात केली. पोरांना वाटलं हाच पहिला खेळ. तन्मयने पोरं मोजून दोन टीमही पाडल्या.

सगळे परत निघतील आणि माझी फजिती होईल, असं वाटलं. पण फुईनेच अडवलं. "आंघोळना नावनं निंघेल शेतस. कोयडं आंग लिसनी घर नही जावानं." कोरड्या अंगाने कुणी घरी जायचं नाही, म्हणजे नाही. तिच्यापुढे कोण बोलणार? टोप्या फांद्यांना लटकल्या, धोतरं, विजारी बांधावर पडल्या, आणि माझे सगळे काका एकामागून एक हौदात उतरले. पाणी बाहेर सांडून निम्मी केळी भिजली. मुलांसाठी केलेला पास्ता कधी संपला कळलं नाही. मग बायकांनी गोवऱ्या पेटवून त्यात कणकेच्या गोळ्यांची बट्टी भाजायला लावली.

सुरतहून मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. हौदातले काका, फांद्यांवरच्या टोप्या आणि चादरीवर दाढी करून घेणारा संजू, सगळं त्याने नीट न्याहाळलं. "जीजाजी, थीम कोणती आहे?" त्याने विचारलं. मी फोन कट केला.

तन्मयला भेट म्हणून ढीगभर टॉवेल, टोप्या आणि नारळ मिळाले. एक टोपी कानापर्यंत ओढून तो ज्योतीला म्हणाला, "मम्मी, सुरतला एवढे आजोबा नव्हते." सुरतचा विषय ज्योतीने त्यानंतर काढला नाही.

निघायच्या वेळी फुई आबांच्या शेजारी बसून त्यांच्याच ताटातली बट्टी खात होती. साडीचं नावही निघालं नव्हतं. मला खरंच बरं वाटलं आणि खरंच लाजही वाटली. मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, चुकलो मी."

"चुकना काबरं?" आबांनी बोटं चाटली. "मन्हासाठे कोण कोण रडस, ते मी जित्ता डोयाघाई देखी लिधं." मग त्यांनी ज्योतीला हाक मारली. "पोरी, एक ध्यानमा ठेव. मी खरज जासू ना, तव्हय निरोप तू लिखजो. यानी लिखा, त लोके चड्डी घालीसनी पव्हाले येतीन."