ट्रेलरमधला चौथा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजराला हॉर्न देतो. या पानावरचे वाचकांचे अनुभव आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसत आलोय. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती पलीकडून हसतेय. हसू द्या. त्या दिवशी ट्रेलरमागे ती उभी होती, तिचा हक्क आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे, हरिशंकरपुरमला राहतो. मी, बायको सुषमा आणि दर रविवारी जेवायला येणारा तिचा धाकटा भाऊ मुकुंद. मुकुंदचं ऑफिस सिटी सेंटरला, लग्न नाही, आणि जन्मजात खोडकर. (हे शेवटचं लक्षात ठेवा.) गेल्या हिवाळ्यात त्यानं कुणाकडून तरी एक जुना कॅरावान ट्रेलर उचलून आणला. म्हणजे चाकांवरची खोलीच – आत दोन बाक, एक सिंक, एक खिडकी. इंजिन नाही, गाडीमागे हुकाला अडकवून ओढायची. आणि ओढायला गाडी कुणाची? माझी.

"जिजाजी, शिवपुरीला जाऊ तिघं. हॉटेलची झंझटच नाही!"

आमची मुलगी केतकी कॅनडात असते. तिकडे म्हणे लोक अशी घरं ओढत सर्रास फिरतात. बाप पहिल्यांदाच ट्रेलर ओढणार म्हटल्यावर तिनं व्हॉइस नोट्सचा मारा केला. "बाबा, जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला. बाबा, ब्रेक खूप आधीपासून दाबा, मागचं वजन तुम्हाला ढकलणार आहे. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, मुकुंदमामा तर अजिबात नाही. आणि हुक सोडायच्या आधी... *आधी*, बाबा... चाकांमागे ठोकळे लावायचे!" मी प्रत्येक नोटला अंगठा पाठवला. ऐकल्या अर्ध्या.

निघायच्या सकाळी माधवगंजहून माझी माई आत्या आली. तिघंच जातोय ऐकून तिचा चेहरा पडला.

"तिघांनी बाहेर पडायचं नसतं, रव्या. चौथा पाहिजे."

हे आमच्या घरात जुनंच. तिघं निघाले की चौथा म्हणून एक खडा सोबत घ्यायचा. म्हटलं, "बरं, घेतो एक खडा खिशात."

आत्यानं ट्रेलर खालपासून वरपर्यंत पाहिला. "एवढं घर घेऊन निघालास आणि सोबतीला खडा? शोभतं का?"

अंगणात फरशी बसवताना उरलेला पिवळट दगडाचा एक तुकडा होता. विटेएवढा, एका बाजूनं जाड, एका बाजूनं निमुळता. तो तिनं धुतला, हळदकुंकू लावलं आणि ट्रेलरमध्ये सिंकखालच्या कप्प्यात ठेवला. वर त्याला म्हणाली, "नीट बसा हं." अहो-जाहो! माझी पन्नाशी उलटली, अजून "रव्या"च्या वर बढती नाही.

गल्लीतून बाहेर पडणं हा वेगळाच सोहळा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो, हे मला समोरच्यांच्या तुळशीवृंदावनाला चाटून गेल्यावर कळलं. शेजारचे भाईसाहेब गेटवर चहा पीत उभे. "क्यों भाईसाब, मकान ही ले जा रहे हो?"

पनिहार गावाच्या पुढे आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की मागून... धप. मग काही नाही. मग सरळ रस्त्यावर, ब्रेक नसतानाही... धप. मी आरशात पाहिलं. मुकुंद मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून. फारच निरागस. मुकुंद निरागस दिसला की समजावं, काहीतरी शिजतंय.

वाटेत मोहना गावात चहाला थांबलो. ट्रेलर उघडला तर दगड दाराशी.

"तूच ठेवलास," मी म्हटलं. निघताना कुलूप त्यानंच लावलं होतं.

"आई शप्पथ, जिजाजी! मी कशाला हात लावू? मला तर मालूमही नाही कुठे ठेवला होता."

"अहो, तुम्ही ब्रेक असे मारता की माणूस घसरेल, दगडाचं काय घेऊन बसलात," सुषमा म्हणाली.

पटण्यासारखं होतं. फक्त सिंकखालच्या कप्प्याला पुढून उंच पट्टी आहे, भांडी बाहेर येऊ नयेत म्हणून. भांडी सगळी आत. दगड तेवढा बाहेर. दगड उचलून सिंकमध्ये ठेवला, खिडकी आतून बंद केली, कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. मुकुंदला पुढे शेजारी बसवला, नजरेसमोर. सुषमा मागे. पुढे शिवपुरीपर्यंत एकही आवाज नाही. म्हटलं, पकडला चोर!

मुक्काम एका मित्राच्या शेतावर होता. मित्र गावाला गेलेला, फाटकाची चावी आधीच देऊन. आसपास चिटपाखरू नाही. जागा सुरेख... हलका उतार आणि खाली तळं. ट्रेलर उताराच्या कडेला उभा केला. सुषमानं डिकीतून खुर्च्या आणि थर्मास काढला आणि ट्रेलरच्या मागे, तळ्याकडे तोंड करून चहा ओतायला लागली. मी ट्रेलरचा हँडब्रेक ओढला. मुकुंद आणि मी हुकाशी बसलो. ठोकळे त्यानं लावलेत असं मला वाटलं. मी लावलेत असं त्याला. आणि आम्ही हुक सोडला.

ट्रेलर निघाला.

आवाज न करता निघाला, हेच भयंकर. हँडब्रेक अर्धाच लागला होता. मुकुंदनं पुढचा दांडा पकडला आणि तोही सोबत फरफटत निघाला. पलीकडे सुषमा, पाठमोरी. मी दांड्याची दुसरी बाजू पकडायला झेपावलो.

खट्.

ट्रेलर एक हिसका खाऊन थांबला.

सुषमा वळली. तिच्यात आणि ट्रेलरमध्ये हातभर जागा उरली होती. "काय झालं? चहा घेताय ना?"

कशानं थांबला म्हणून मी खाली वाकलो. वाकल्यावर दिसलं. डाव्या चाकामागे पिवळट दगड. निमुळती बाजू चाकाकडे, ठोकळा जसा लावतात अगदी तसा. हळदकुंकू शाबूत.

खिसा चाचपला. किल्ली होती. कुलूप लागलेलं. उघडलं तर खिडकी आतून बंद, सिंक रिकामं. ट्रेलरच्या तळाला भोक वगैरे आहे का म्हणून मी चटई उचलून, चार पायांवर रांगून पाहिलं. नाही. मुकुंदवर संशय घ्यावा तर तो सबंध वेळ माझ्याशेजारी, आणि हुकाच्या ग्रीसनं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. दगडावर ग्रीसचा ठिपका नाही.

"सुषमा, तू ठेवलास?"

"मी? मला स्वप्न पडलं होतं का, तुम्ही दोघं हुशार ठोकळे विसरणार म्हणून?" असं म्हणाली, आणि मग तिनं चाक, उतार, स्वतःची खुर्ची असं ओळीनं पाहिलं. खुर्ची उचलून बाजूला नेली, मगच बसली.

त्याला आता वर्ष होत आलं. मुकुंदला वाटतं मी ठेवला आणि भाव खातोय. मला अजूनही अधूनमधून मुकुंदचाच संशय येतो, कसं ते सांगता येत नाही तरी. केतकी म्हणते, "बाबा, आधी ठोकळे!" आत्याला सगळं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "परत चौघं आलात ना?" इंजिनियर मित्रांना विचारलं, ते आधी हसले, मग दोनदा तेच प्रश्न विचारून त्यांनी विषय बदलला. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही.

परतताना मात्र केतकीच्या सगळ्या नोट्स मी नीट ऐकल्या. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, असं तिनं बजावलंच होतं. म्हणून आमचा चौथा गाडीत, मागच्या सीटवर, मुकुंदच्या शेजारी बसून आला. मुकुंद दाराला चिकटून. सुषमा पुढे, माझ्या बाजूला.

बेल्ट त्यांना मीच लावला.