वनितानं पाडलेले दोन ग्रुप

वनिता आज सकाळी गेली.

मी जी नोकरी करते, ती खरं तर तिला मिळायला हवी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आज सांगते.

तिला दोन वर्षांपासून किडनीचा त्रास होता. वडशाहून तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, वनिता नाई राह्यली." एवढंच बोलला आणि रडायला लागला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे धान निघाला की पोरींची कबड्डी लीग व्हायची. आठ गावांच्या आठ टीम, चार-चारचे दोन ग्रुप. आणि ग्रुप कसे पाडायचे? डब्यातून चिठ्ठ्या काढून.

आमच्या चामोर्शीकडच्या गावाची चिठ्ठी बल्लारपूरकडच्या ग्रुपात निघाली, की त्या टीमचं संपलं. जायलाच अर्धा दिवस. मॅच झाल्यावर परतीची बस नाही. पोरींना मुक्कामी कोण पाठवणार?

दरवर्षी दोन-तीन टीम अशाच गळायच्या. न खेळता हरायच्या.

वनिता आमच्या बाजूच्या गावची कॅप्टन. एकोणीस वर्षांची. तिच्यासारखी रेड मारणारी पोरगी मी नंतर कधी पाहिली नाही, आणि मी पंचवीस वर्षं पोरींना कबड्डी शिकवते आहे.

तिचे बाबा भाऊराव एसटीत कंडक्टर. सगळ्या गाड्यांचे टाइम त्यांना पाठ. ते तिनं कागदावर उतरवून घेतले आणि नवीन ग्रुप पाडले.

तिची आयडिया साधी होती. "चिठ्ठ्या बंद करा. रस्ता पाहून ग्रुप पाडा. सकाळच्या बसनं गेलेली पोरगी दिवस बुडायच्या आत घरी आली पाह्यजे."

कागद तिनं आधी मला दाखवला. तलावाच्या पाळीवर बसलो होतो.

"एकच लोचा हाये," ती म्हणाली. "आपल्या बाजूनं पाच टीम अन् तिकडं बल्लारपूरकडं तीन. चार-चार करायचं म्हटलं त आपल्यातली एक टीम तिकडं जाईनच."

मी कागदावर पाहिलं. तिकडच्या ग्रुपात माझ्या गावाचं नाव होतं.

चूक काहीच नव्हती. आमचं गाव आष्टी रोडवर. पाचांत तिकडून सगळ्यात जवळ आम्हीच.

मी म्हटलं, "माहा बाबा म्हनते, एक रात बाहेर राह्यली त कबड्डी बंद. मंग लगनच."

मी तिच्याकडे काही मागितलं नाही. पण ते वाक्य मी मुद्दाम बोलले.

वनितानं कागद घडी करून ठेवला.

मीटिंग शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. कमिटीत सगळे पुरुष. तिनं उभं राहून यादी वाचली. अध्यक्ष थांबवून म्हणाले, "पोरी, तुमचंच गाव तिकडच्या ग्रुपात? काऊन?"

"बाबाची ड्युटी त्याच रोडवर हाये," ती म्हणाली. "आमाले सोयीचं पडते."

भाऊराव मागे उभे होते. खाकी ड्रेसमध्येच. त्यांची ड्युटी उलट्या दिशेला, गडचिरोली रोडवर होती. त्यांनी पोरीकडे पाहिलं.

मग मान खाली घालून म्हणाले, "हो. सोयीचं पडते."

मी तिथंच बसले होते.

ग्रुप मंजूर झाले. त्या वर्षी आमच्या बाजूची एकही टीम गळली नाही. बाया डोक्यावर पदर घेऊन मॅच पाहायला यायच्या. मी रोज दिवस बुडायच्या आत घरी. बाबाही खूश.

तिकडे वनिताची टीम पहिली मॅच जिंकली. पण मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी तीन पोरींच्या घरच्यांनी पोरी परत नेल्या. दुसरी मॅच चार जणींनी खेळली आणि हरली.

तिसऱ्या मॅचपर्यंत उरलेल्या तिघीही गेल्या; वनिता एकटी ग्राउंडवर आली. कपडे बदलून, पायाला पट्टी बांधून. पंचांनी थोडं थांबून समोरच्या टीमला वॉकओव्हर दिला.

मी फायनल खेळले. जिल्ह्याच्या टीमसाठी निवड करायला एक सर आले होते. त्यांनी वनिताला आदल्या वर्षी पाहिलं होतं. विचारलं, "ती दुसरी पोरगी कुठी हाये? ती चांगली रेडर होती."

कुणीच काही बोललं नाही.

मीही नाही.

माझी निवड झाली. पुढे स्टेट, मग स्पोर्ट्स कोट्यातून शाळेत नोकरी. वनिताचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. वडशाला शिलाई मशीन घेऊन बसली.

पाच वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस मीच तिच्या दारात गेले. ती ब्लाउज शिवत होती. मशीन थांबवलं नाही.

मी विचारलं, "काऊन केलं तू तसं?"

"तुह्या बाबानं तुले मुक्कामाले सोडलं नसतं. माह्या बाबानं मले सोडलं."

मग मशीन थांबलं.

"मले वाटलं होतं, मी जमवून घेईन. सात पोरी कशा बी करून नेईन. जिंकून येईन." आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खुशीनं नाई केलं मी. लय राग आला होता तुहा."

मी रडले. ती रडली नाही. उठून चहा ठेवला.

त्यानंतर आम्ही पुन्हा मैत्रिणी झालो. पण मी तिला "माझं चुकलं" असं कधी म्हटलं नाही. दर भेटीत ठरवायचे. मागच्या महिन्यात दवाखान्यातही ठरवलं होतं. ती झोपली होती. म्हटलं, पुढच्या वेळी.

तिच्या मागे नवरा आहे, दोन मुली आहेत. म्हातारे भाऊराव आहेत. सकाळपासून दारात बसून आहेत म्हणे. पाणीसुद्धा घेत नाहीत.

मी वडशाच्या गाडीत आहे. त्यांच्यासमोर कशी जाऊ, कळत नाही.

वनिता, माह्यं चुकलं.

लय सोसलं तू. आता शांत राह्य, बाई. तुले माहा शेवटचा नमस्कार.