भीमसिंगनं पाहिलेली लढाई

"पाहू तं द्या आधी."

कुणी काहीही सांगो, भीमसिंग राठोडचं हे ठरलेलं. नवं बियाणं असो, नवा सरपंच असो, की पोराची सोयरीक असो. सतरा वर्षं फौजेत काढून तो तांड्यावर परतला, तेव्हापासून याहून जास्त त्याच्या तोंडून क्वचितच निघालं. लढाईबद्दल तर एक शब्द नाही. एकदा शाळेत झेंड्याला बोलावून त्याच्या हाती माईक दिला. "झेंडा चांगला दिसते," एवढं म्हणून तो खाली बसला.

फुलसावंगीपासून कोसभरावर त्याचा तांडा. काळी जमीन, कपाशीच्या सरींत तूर, आणि बांधावरून रोज पहाटे धावत जाणारी त्याची मुलगी उज्ज्वला. अठरा पुरे व्हायला तीन महिने बाकी. तिला फौजेत जायचं होतं. भरतीच्या कागदावर बापाची सही लागत होती आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो कागद पुसदला पोचवायचा होता. आठ दिवस झाले, कागद कोनाड्यात तसाच पडून होता.

"बा, तुले भेव वाटते का?" शेवटी तिनं विचारलं.

"तुले नाही वाटत?"

"मले काहून वाटन? रोज लढाई पाहून राह्यली मी. कपिलच्या दुकानात."

"पाहू तं दे आधी," भीमसिंग म्हणाला.

असा तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, मुलीच्या मागोमाग फुलसावंगीत कपिलच्या मोबाईलच्या दुकानात आला. मी माझ्या फोनची काच बदलायला तिथं बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो. दुकानाच्या मागच्या खोलीत कपिलनं भिंतीएवढा टीव्ही लावला होता आणि त्याला खेळाचं मशीन जोडलं होतं. आम्ही सगळे तिकडं गेलो.

"भीमसिंगकाका, हा साधा खेळ नाही," कपिल खुर्ची पुसत म्हणाला. "जगभरच्या जाणकारांनी डोक्यावर घेतला याले. दहापैकी दहा! खऱ्या लढाईत अन् याच्यात काही फरकच नाही."

"तू गेलता का लढाईले?"

आम्ही सगळे हसलो. कपिलही हसला.

उज्ज्वलानं रिमोट हातात घेतला आणि खोलीत बर्फ पडू लागला. बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं आणि आत पांढरे डोंगर उभे राहिले. सहा शिपाई चढण चढत होते, त्यातला एक उज्ज्वला चालवत होती. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. भीमसिंगनं गुडघा घट्ट धरला. त्याच्या हाताच्या शिरा वर आलेल्या मला दिसल्या.

"बूट तसाच वाजते बर्फात," तो हळूच म्हणाला. "अस्साच करकरते. लय मेहनत घेतली बाप्पा बनवणाऱ्यानं."

उज्ज्वलाचा चेहरा फुलला. तेवढ्यात गोळ्या सुटल्या. तिच्या शेजारचा शिपाई, मिसरूडही न फुटलेला, छातीवर हात धरून पडला. उज्ज्वला त्याला ओलांडून पुढं पळाली. दोघांना टिपलं, तिसऱ्याला टिपलं.

भीमसिंग उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"छोरी, थांब. तो पडला तिकडं. माघारी फिर."

"बा, तो तं मेला."

"मेला म्हून सोडून चालली?"

भीमसिंगचे बंजारा पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलुख पालथा घालायचे. वाटेत तांड्यातलं कुणी गेलं, की बैलांवरच्या गोण्या उतरायच्या, आणि माती दिल्याशिवाय परत चढायच्या नाहीत. हे त्यानं आजाकडून ऐकलं होतं. उज्ज्वलानंही ऐकलं होतं. ती मुकाट माघारी फिरली.

बर्फ रिकामा होता. शिपाई नव्हता. बंदूक नव्हती. रक्ताचा डागसुद्धा नव्हता.

"कुठं गेला तो पोरगा?" भीमसिंगनं विचारलं.

"काका, बॉडी आपोआप गायब होते," कपिल समजावू लागला. "मेलेले तसेच ठेवले तं मशीनवर लोड येते ना."

"लोड?"

 भीमसिंग टीव्हीजवळ गेला आणि जिथं शिपाई पडला होता, तिथं काचेवर त्यानं हात ठेवला.

"आमच्या पलटनीतला उत्तमसिंग असाच पडला," तो म्हणाला. "पहाडी पोरगा. पन्नास किलोही नसन. आम्ही चौघं त्याले घेऊन उतरलो, सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. मेलेला माणूस जड होते, छोरी. दर शंभर पावलांवर खाली ठेवा लागे. एका जागी म्या म्हटलं, सोडून जाऊ." त्यानं काचेवरचा हात काढून घेतला. "म्या म्हटलं. तांड्याचा असून. बाकीच्यायनं ऐकलं नाही, म्हून त्याच्या मायले तो भेटला."

वीस वर्षांत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.  

"खेळच तं आहे काका," कपिल पुटपुटला.

"मंग खेळच म्हण. खऱ्यासारखा म्हणू नोको. दहापैकी दहा देणाऱ्यायनं कोणाले उचललंच नसन."

मग तो मुलीकडं वळला. निघताना कोनाड्यातून उचललेला, घडी घातलेला कागद खिशातून काढून त्यानं टीव्हीपुढच्या टेबलावर पसरला.

"आता सांग. अजून जायचं हाय तुले?"

 टीव्हीवर बर्फ पडत होता, कपिलचा पंखा फिरत होता. तिनं रिमोट खाली ठेवला.

"बा, असा कोणी पडला, तं त्याले पोरी उचलू शकतीन का?"

 असा प्रश्न येईल, हे भीमसिंगच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"चौघी लागतीन," तो म्हणाला.

त्यानं कपिलचा पेन घेतला, सही केली, आणि सवयीनं सहीखाली आपला फौजेतला नंबर लिहिला. टोपी डोक्यावर चढवली. कुणाकडंही न बघता तो पायरी उतरला, बाजारातल्या भाजीवाल्या बायांमधून वाट काढत, रिक्षाला नाही म्हणत, तांड्याच्या रस्त्याला लागला. उज्ज्वला कागद छातीशी धरून पायरीवर उभी राहिली. तिच्या मागं कपिल आणि मी होतो. भीमसिंग वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो, आणि त्याला हाक मारायची हिंमत एकालाही झाली नाही.