चाळीस सेकंदांत स्थळ

मोरेश्वरभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा एक पाय पांढुर्ण्याच्या स्टँडवर होता आणि दुसरा अजून बसमध्ये. तो दुसरा पाय खाली यायच्या आत त्यांनी माझं गोत्र, नाडी, पगार आणि चष्म्याचा नंबर काढून घेतला. पाय टेकला तेव्हा माझ्यासाठी तीन मुली निघाल्या होत्या; ट्रंक उतरेपर्यंत त्यांतल्या एकीचं दुसरीकडे लग्न होऊन तिला मूलही झालं असावं. "मास्तर, मंगळ तं नाही ना जी?" हा प्रश्न त्यांनी टाकला, तेव्हा कंडक्टरसुद्धा घंटी द्यायचं थांबवून माझ्या उत्तराकडे कान लावून होता.

ही अठ्ठ्याऐंशी सालची, मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हाची गोष्ट. भाऊंचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, आणि त्यात एक कॉम्प्युटर होता. लोक चपला बाहेर काढून तो बघायला यायचे. आमच्या समाजाच्या मंडळाची लग्नाळू मुलामुलींची यादी आजवर सौसरच्या केशवरावांच्या वहीत असे. भाऊंनी ती अकराशे नावं हट्टानं मागून घेतली आणि कॉम्प्युटरात भरली. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत दहा लग्नं जमव. नाही जमली, तर यादी परत वहीत." त्या दिवसापासून भाऊंना दहा या आकड्याशिवाय काही दिसेना.

अडचण एकच होती. कॉम्प्युटर एका प्रश्नाला पंचवीस मिनिटं घ्यायचा. मुलाचा बाप सांगायचा, "गण जुळला पाहिजे, उंच पाहिजे, शिवण यायला पाहिजे, आन गाव आपल्या बसच्या रस्त्यावर पाहिजे." भाऊ त्याच क्रमानं अटी टाइप करायचे. मग ते यंत्र पहिल्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत एकेकीचा गण बघत, उंची मोजत, शिवणाची चौकशी करत निघायचं. रविवारी बाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसं ताटकळायची. भाऊंच्या पत्नी मनकर्णावहिनी त्यांना चहा-चिवडा पुरवायच्या.

"मशीन विचार करून राहिली का झोपून राहिली, भाऊ?" कोणीतरी विचारलं. भाऊंना ते फार लागलं.

त्यांचा मेहुणा हेमंत नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. तो एक फ्लॉपी घेऊन आला. "भाऊजी, तुम्ही काहीच करू नका. हा प्रोग्राम आठ दिवस नुसता बघत बसते. कोणता प्रश्न कुठं अडकते ते टिपून ठेवते, मग आपल्या हातानं दुरुस्त करते."

"माझ्या घरात नुसतं बघत बसणारा तू एक पुरेसा होता," भाऊ म्हणाले. पण फ्लॉपी घातली.

आठ दिवसांनी प्रोग्रामनं गावांची वेगळी सूची आपणच तयार केली, पुस्तकाच्या मागे असते तशी, आणि अटींचा क्रम उलटा केला. आधी गाव. लोक बोलायचे गणाचं, पण नकार द्यायचे गावावरून. गाव आधी विचारलं की अकराशेतल्या जेमतेम साठ मुली उरायच्या. गण-उंची तेवढ्यांचीच बघायची. पंचवीस मिनिटांचं काम चाळीस सेकंदांवर आलं.

भाऊंनी पेढे वाटले. लोक येऊ लागले, छापील नावांची चिठ्ठी घेऊन उभ्या उभ्या जाऊ लागले. बाक रिकामा, चहा गार. आणि चार रविवारांत एकही लग्न जमलं नाही! फ्लॉपी येण्याआधी जमलेली सहा तेवढी सहाच राहिली. हातात तीन रविवार उरले.

"प्रोग्राममध्ये गडबड हाये," भाऊ कपाळ धरून म्हणाले.

"अजी, गडबड कायची?" वहिनी म्हणाल्या. "ते सहा तुमच्या चिठ्ठीनं जमले का? बाकावर जमले. तिगावचा बाप आन बोरगावची माय अर्धा तास एका प्लेटीतला चिवडा खाऊन राहिले, तं बोलतील नाही तं काय करतील?"

भाऊंनी कागद काढून पाहिले. सहांपैकी एकाही जोडीचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

प्रोग्राम काढून टाकणं त्यांच्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी उत्तर चाळीस सेकंदांतच आलं, प्रिंटर खरखरला, आणि भाऊंनी तो कागद चिमटा लावून दोरीवर टांगला. "प्रिंट ओली हाये जी. वाळू द्या. तोवर बसा, चहा घ्या."

म्हाताऱ्या यशवंतरावांनी कागद चाचपला. "हा तं कोरडा हाये बापा."

"वरून वाटते तसा, काकाजी. आतून ओला हाये."

यशवंतराव बसले. शेजारी मी बसलो होतो. माझ्या चिठ्ठीवर सौसरची एक शिक्षिका निघाली होती. मी यशवंतरावांच्या भाचीशी, स्मिताशी लग्न केलं.

अक्षय्य तृतीयेला अकरा लग्नं मोजून झाली. भाऊंनी आकडा खडूनं दारावर लिहिला. मंडळानं त्यांना शाल आणि नारळ दिला.

पुढच्या वर्षी यादी केशवरावांच्या वहीत परत गेली. ते भगवंतरावांचे साडू होते.