शिक्क्यातली हळद

मी मूळची शिरूरची. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे आमच्याकडे रेल्वेत चिकटलेल्या माणसाला उगाचच भाव असतो. सत्तरच्या दशकात दौंडच्या लोको शेडच्या ऑफिसात मला क्लार्कची नोकरी लागली, तेव्हा आमच्या आत्यानं गावभर सांगितलं की पोरगी इंजिन चालवते. मी चालवत होते टाइपरायटर, आणि तोही अडखळणारा. ऑफिसात बाई मी एकटीच. सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि चहाच्या वेळी मात्र विसरायचे.

त्या वर्षी शेडमधल्या मंडळींना इतिहासाचा झटका आला. दुसऱ्या महायुद्धात दौंडहून मिलिटरीच्या कामावर आसाम-ब्रह्मदेशाकडे गेलेल्या रेल्वेवाल्यांची नावं एका फलकावर रंगवून तो व्हरांड्यात लावायचा, असं ठरलं. जुनं रेकॉर्ड उंदरांनी आणि वाळवीनं आपसांत समजुतीनं वाटून घेतलेलं. तेव्हा ज्यांच्या घरी काही पुरावा असेल त्यांनी तो आणून दाखवावा, अशी नोटीस लागली आणि तो खरा की खोटा हे ठरवायला तिघांची कमिटी नेमली. पहिले आमचे हेडक्लार्क. दुसरे रेल्वे कॉलनीतले एक रिटायर्ड गार्ड. त्यांनी अख्खं युद्ध दौंडच्या यार्डात काढलं होतं, पण बोलायला लागले की थेट रंगूनला उतरायचे. तिसरी मी, कारण लिहून घ्यायला कुणीतरी हवंच होतं.

लोकांनी काय काय आणलं! एकानं आजोबांचा हॅट घातलेला फोटो आणला, मागे पुण्याच्या स्टुडिओचा छाप. एकानं पत्र्याचा मग आणला. हेडक्लार्क प्रत्येक वस्तू खिडकीच्या उजेडात धरायचे, तिचा वास घ्यायचे आणि 'हूं' म्हणायचे. मगाचाही त्यांनी वास घेतला. चार जणांना हात हलवत परत पाठवल्यावर त्यांना आपण हायकोर्टात बसलोय असं वाटायला लागलं.

अशात वडगाव रासाईहून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या, आवाज असा की यार्डातल्या माणसांनी शिट्ट्या खिशात ठेवाव्यात. केडगावला पॅसेंजर धरून आल्या होत्या, बिनतिकीट. टीसीला सुनावलं होतं, "नवरा तुमच्याच रेल्वेत हाय, त्याला मागा." नवरा फायरमन, इंजिनात कोळसा मारणारा. लढाईच्या दिवसांत एकदा कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही. सासरच्यांनी आणि गावानं ठरवून टाकलं की तो बाईच्या नादानं पळाला. कुणी म्हणे ती तमाशातली, कुणी म्हणे मनमाडची.

"डूटीवर गेल्यात, डूटीवर गेल्यात, सांगून सांगून दमले मी," त्या म्हणाल्या. "कोन ऐकतंय? ह्यांचं नाव तुमच्या फळीवर चढलं की समदी भावकी हितं आनून उभी करते. वाचा म्हनावं!"

पिशवीतून एक पत्र्याची डबी निघाली आणि डबीतून कागद. इंग्रजीत टाइप केलेला मेमो होता. अमुक फायरमनला मिलिटरीच्या कामासाठी आसामकडे रवाना करण्यात येत आहे, एवढाच मजकूर. खाली सही, तारीख आणि जांभळा गोल शिक्का. त्याची एक प्रत जाताना नवरा घरी ठेवून गेला होता.

"मग गावात दाखवायचा ना, मावशी," मी म्हटलं.

"दावला की. म्हनले, पळनारा मानूस कागद करूनच पळतो."

हेडक्लार्कांनी कागद उजेडात धरला. शिक्क्यावर पिवळट डाग होता. त्यांचे डोळे चमकले. तंबाखूच्या डबीतून बोटाच्या टोकावर चुना घेऊन त्यांनी तो डागाच्या कडेला अलगद लावला. डाग लाल झाला.

"हळद!" ते म्हणाले. "कागद जुना दिसावा म्हणून हळद फासलीय. बनावट आहे."

चुन्यानं हळद लाल होते हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही. गार्डसाहेबांनी लगेच, अशी हळद लावलेले कागद आपण रंगूनला ढिगानं पाहिल्याचं सांगितलं.

"आवं, माझ्या घरात हळद कालवनाला पुरंना," बाई कडाडल्या, "आन् ती मी कागदाला फासू व्हय?"

"बाई, आम्ही पुराव्यानं चालतो."

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्याचकडं. घाला चुलीत!" कागद माझ्या टेबलावर आपटून त्या तरातरा निघून गेल्या. मला हेडक्लार्कांचा असा संताप आला की त्यांची ती चुन्याची डबी त्यांच्याच टकलावर पालथी घालावीशी वाटली. पण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि टाइपरायटरवर राग काढला.

पुढं दसरा आला. आमच्या ऑफिसात कामापेक्षा पूजा जास्त मन लावून व्हायची. शेडमध्ये इंजिनांना झेंडूचे हार आणि ऑफिसात टाइपरायटर, तिजोरी, पंचिंग मशीन, रबरी शिक्के, सगळ्यांना हळदकुंकू. भटजी अर्थातच हेडक्लार्क. पुजलेली वस्तू पुसायची नाही, हा ऑफिसचा पूर्वापारचा दंडक. दुसऱ्या दिवशी शिपाई शिक्क्याचे पहिले काही ठसे रद्दीवर मारून घ्यायचा आणि मगच शिक्का टेबलावर यायचा. म्हणून पिवळा ठसा शिपायाखेरीज ऑफिसातल्या कुणी कधी पाहिलाच नव्हता. त्या वर्षी शिपाई सणाला गावी गेला तो तिकडंच रमला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका ड्रायव्हरच्या रजेच्या अर्जावर मी स्वतःच शिक्का हाणला. उचलून पाहते तर जांभळ्या अक्षरांमधून पिवळी हळद उमटलेली.

मी ड्रॉवर उघडला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. बाईंच्या कागदावरही हळद नेमकी शिक्क्याच्या गोलात होती, गोलाबाहेर कणही नव्हता. जुना दिसावा म्हणून फासायचीच तर माणूस कागदभर फासेल, शिक्क्याच्या रेघा धरून रांगोळी कशाला काढत बसेल? आणि लढाईत कागदाची इतकी टंचाई होती की ठसे मारायला रद्दीसुद्धा मिळत नसे, हे गार्डसाहेबांनीच आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. म्हणजे पुजलेल्या शिक्क्याचा पहिला ठसा थेट मेमोवरच पडला असणार.

"योगायोग," हेडक्लार्क म्हणाले.

मी त्यांचीच डबी उघडली आणि ड्रायव्हरच्या अर्जावर चुना लावला. ठसा लाल झाला. "मग हासुद्धा बनावट का?" मी विचारलं.

"ओ, माझ्या रजेचं काय करताय!" ड्रायव्हर ओरडला.

हेडक्लार्क हार मानणारे नव्हते. मला गप्प करायला त्यांनी घरून वडिलांच्या काळचं पंचांग आणलं आणि मेमोची तारीख शोधली. ती त्या सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. त्यांनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि 'कागद खरा आहे' असं लिहून सही केली. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. गार्डसाहेब म्हणाले, मला पहिल्यापासूनच वाटत होतं.

मी निरोप धाडला. बाई आल्या त्या दिवशी पेंटर व्हरांड्यात फलक रंगवत बसला होता. हेडक्लार्क स्वतः उठून त्यांना सामोरे गेले.

"चूक आमची झाली. तुमचे यजमान पळाले नाहीत, बाई. हुकमानं गेले."

"नक्की?"

"नक्की. शंकाच नाही."

मला वाटलं, आता त्या आमच्या कमिटीचा उद्धार करतील. मी तर ते ऐकायला अगदी आतुर होते. पण त्या फलकाकडे वळल्या. तेवढ्यात पेंटरनं ब्रश बुडवून विचारलं, नाव कुठल्या बाजूला घ्यायचं? फलकावर दोन रकाने होते, परत आलेल्यांचा आणि न आलेल्यांचा. इतके दिवस आम्ही कागदाचा खरेखोटेपणा चिवडत होतो, आणि तो खरा निघाला तर त्याचा अर्थ काय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"न आलेल्यांत घाला," बाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याजवळ येऊन पायरीवर बसल्या.

"गावाम्होरं म्हनायची, डूटीवर गेल्यात," त्या हळू आवाजात सांगू लागल्या. "आन् घरात चुलीम्होरं रोज शिव्या घालायची. कुठं उलथलायस, कुना सटवीसंगं नांदतोयस, म्हनून. शिव्या घातल्या की वाटायचं, हाय कुठंतरी. जेवतोय-खातोय." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "पळालाच असता तर बरं झालं असतं गं, पोरी."