दवातले भारे

दिवाळी झाली की आम्ही वरठीहून कोंढ्याजवळच्या शेतावर जातो. माझे धाकटे दीर आणि जाऊ तिथली शेती पाहतात. चार दिवस राहायचं, पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन परत यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. पण यंदा गोष्ट वेगळी होती. आमचे हे येत्या उन्हाळ्यात कारखान्यातून निवृत्त होणार, आणि दिराच्या घराला लागून दोन खोल्या बांधून तिथंच राहायचं, हे माझं जुनं स्वप्न. दिराची ना नव्हती. जाऊ मात्र विषय निघाला की हसून चुलीकडे वळायची.

म्हटलं, आपण कामाच्या आहोत हे तिला दाखवून द्यावं. कापलेला धान शेतात पसरून वाळत ठेवला होता; कडपा म्हणतात त्याला. त्या दिवशी त्याचे भारे बांधायचे होते. मी उजाडतानाच एकटी गेले आणि तनसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, दोऱ्यांनी अकरा भारे करकचून बांधून टाकले. काय सांगू, धुकं, बगळे, धानाचा तो वास! वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार.

जाऊ आली. एका भाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सरळ दोरी सोडायला लागली. मी मोठी, मला कशी बोलणार?

"काहून सोडून राहिली?" मी विचारलं.

"बाई, दवात बांधला न तुमी. आतल्या आत तापते, दाना काळा पडते."

माझं तोंड एवढंसं झालं. मग तीच हसली. "तुमाले कोनं सांगतलं होतं वो पहाटं पहाटं? लगनाचं बिऱ्हाड बांधल्यासारखे बांधले!"

अकराही भारे सोडून तिनं पुन्हा पसरले. बोटं इतकी भराभर चालत होती की मी पाहतच राहिले. मूठभर लोंबी उचलायची, दाणा दाताखाली धरायचा, कट्‌ आवाज आला की समजायचं वाळलं. यंत्र नाही, घड्याळ नाही. असा हात मला या जन्मात येईल का, देव जाणे.

दुपारी ऊन खाल्लेला धान तिच्याजवळ बसून बांधला. माझा पहिला भारा तिनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आपटला, तो सुटला. दुसराही सुटला. तिसरा टिकला.

तेव्हा मीच धीर करून विचारलं, "मंग, येऊ का मी राहाले?"

ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "कापनीले सारेच येतेत, बाई. ऊन गोड असते. रोवनीले या, भर पावसात. चिखलात आठ दिवस वाका माह्यासंगं. मंग खोल्यायची जागा मीच दाखवतो."

खरं सांगते, राग आला नाही. उलट वाटलं, हिच्या शेजारी राहायचं तर असंच विचारून घेतलेलं बरं. परतताना ह्यांनी विचारलं, "विटा कधी सांगू?"

"पावसाळ्यानंतर," मी म्हटलं, "ते बी कंबर सरळ राहिली तर."